कुणाला कुणाकडे धाडायचं, हे जाणणाऱ्या बाई

डॉ. मालिनी देवणीकर यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो मी लातूरला त्यांच्या हाताखाली मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो म्हणून. पण बाईंची नि माझी पहिली भेट नोकरीनिमित्त झाली नाही. मी त्यांच्या दवाखान्यात गेलो तो एका रुग्णाचा दीर म्हणून, आणि तेव्हा मी इतका भेदरलेला होतो की शिपायाने नाव पुकारलं तरी दचकत होतो. ती हकिकत इथे सांगायला माझ्या दादाने आणि वहिनींनी संमती दिली आहे. नावं बदलून लिहू का, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "नगं. एकदा बदलून झालोय, तेवढं बस्स."

माझे थोरले बंधू बसवराज यांचं धर्माबादच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, मिरचीच्या आडतीचं दुकान आहे. मी तेव्हा नांदेडला शाळेत शिक्षक होतो आणि दादाची लेक शिक्षणासाठी माझ्याकडे राहत होती. धर्माबादच्या घरात दादा, आमची आई आणि महानंदा वहिनी. वहिनी उदगीरकडच्या. मोजकं बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरच्याची फिरकी घेणाऱ्या. त्यामुळे पहिल्या दिवशी जे घडलं ते दादाला थट्टाच वाटली.

दुपारचं जेवून दादा ओसरीवर आडवा झाला होता. डोळा लागला. कुणीतरी जवळ उभं आहे असं वाटून जाग आली तर वहिनी उशाशी उभ्या.

"उठा," त्या हळूच म्हणाल्या. "मालक यायची येळ झाली. त्यांनी बघायच्या आत जावा."

दादा हसला. "अगं, मीच की."

वहिनी वाकल्या आणि त्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत निरखून पाहिला. मग दोन पावलं मागे सरल्या. "दिसता बरोब्बर तसेच," त्या म्हणाल्या. "पन ते न्हाई तुमी."

बाकी सगळं जागच्या जागी होतं. आईला ओळखत होत्या, मला ओळखत होत्या, शेजारणींच्या सुना-नातवंडांची नावं पाठ होती. सकाळी इष्टलिंगाची पूजा, भाकरी, झाडलोट, कशात फरक नाही. फक्त दादा तेवढा परका. त्याला त्या जेवायला वाढत, पण पाहुण्याला वाढतात तसं, पदर नीट घेऊन, नजर खाली ठेवून. खरे मालक कुठेतरी अडकून पडलेत अशी त्यांची खात्री होती. दादाने लग्नातले फोटो दाखवले, रेशनकार्ड दाखवलं, लहानपणी पायाला लागल्याची खूण दाखवली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कागद चोरता येतेत. खूण बी करून घेता येती." पुढे पुढे त्या झोपताना उशाखाली विळा ठेवू लागल्या. आईने तो पाहिला आणि मला नांदेडहून बोलावून घेतलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण आजही माझ्यासमोर येणारी बरीच घरं नेमकं हेच करून आलेली असतात. वहिनींच्या माहेरच्यांना वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. म्हणून आधी समुपदेशनाला नेलं. तिथल्या ताई फार चांगल्या होत्या. दोघांनी एकमेकांशी बोलावं, चार दिवस कुठे फिरून यावं, असं त्यांनी सांगितलं. वहिनी नम्रपणे म्हणाल्या, "ताई, तुमचं खरंय, पन ते माज्या मालकाबरोबर. याच्याबरोबर मी कामून फिरू?" मग मठात गेलो. स्वामीजींनी विभूती दिली आणि वर "डॉक्टरला दाखवा" असंही सांगितलं, ते मात्र आम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. वहिनी झोपायच्या आणि जाग आली की पुन्हा उशाखाली हात घालायच्या. शेवटी नांदेडला मेंदूचा फोटो काढला. डोक्यात काही नाही, असा रिपोर्ट आला. झालं! नातलगांना आयतंच सापडलं. डोक्यात काही नाही, म्हणजे बाई नाटक करते, असा निकाल लावून सगळे मोकळे झाले. तो निकाल ऐकल्यावर दादा तोंड फिरवून बसला, आणि मी शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलेलं लातूरच्या बाईंचं नाव काढलं.

बाई तेव्हा साठीच्या अलीकडे होत्या. सुती पातळ, दोरीला अडकवलेला चष्मा, टेबलावर पाण्याचा तांब्या. आम्ही चौघं आत गेलो. त्यांनी केसपेपर वाचला आणि खाली ठेवला.

"यावर नाव महानंदाबाईंचं आहे," त्या म्हणाल्या. "आजारी कोण ते मी अजून पाहिलेलं नाही. तुमच्यापैकी झोप कुणाकुणाला लागत नाही?"

दादाने वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला पुढे कितीतरी दिवसांनी लागला.

दादाला आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. "भावजींना असू द्या," असं वहिनी म्हणाल्या म्हणून मी थांबलो. बाईंनी विचारलं, "तुमचे मालक कुठे आहेत?"

"ठाऊक न्हाई. कोंडून ठिवलंय कुनीतरी."

"त्यांचा आवाज अलीकडे कधी ऐकला?"

वहिनींचा चेहरा उजळला. "परवा. फोन आलता की त्यांचा. दुकानातूनच करून राहिलो म्हनाले. म्या पळत गेले मोंढ्यात, तर तिथं हाच बसलेला."

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. दादाने दुकानातून घरी साधा फोन केला होता, काय आणायचं ते विचारायला. वहिनी त्याच्याशी नीट बोलल्या होत्या, आणि त्याला वाटलं होतं की आता बरं वाटतंय. बाई उठल्या, मला दारापाशी नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या दादांना सांगा, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोन लावा. बोला, पण स्वतः कुठे आहात ते सांगू नका."

मी निरोप देऊन परत येऊन बसलो. वहिनींच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी तो घाईघाईने कानाला लावला.

"अवो, कुटं हाव तुमी?" आणि त्या रडू लागल्या. "मी? लातूरला हाय. त्यानंच आनलंय... न्हाई, मारत न्हाई तो. बोलतो बी चांगला. पन तुमी या. लौकर या. तो भाईरच बसलाय."

खिडकीतून मला व्हरांड्याचं टोक दिसत होतं. दादा एका हाताने फोन धरून आणि दुसऱ्या हाताने गज घट्ट पकडून उभा होता. त्याची बायको त्याच्यापासून सोडवायला त्यालाच बोलावत होती. मग त्याचा आवाज मला दोन्हीकडून ऐकू आला, खिडकीतून आणि वहिनींच्या कानापाशी धरलेल्या फोनमधून. "येतो. येतो म्हनलं की."

त्या दुपारी अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो, आणि सांगायला लाज वाटत नाही.

बाईंनी नंतर आम्हाला समोर बसवून सांगितलं. डोळ्यांना माणूस दिसतो आणि मनाला तो आपला वाटतो, ही दोन वेगळी कामं आहेत. वहिनींच्या बाबतीत त्यांचा सांधा निखळला होता. आवाजाचा सांधा मात्र शाबूत होता. "हे भांडण नाही, म्हणून समुपदेशनाने सुटणार नाही. हे नाटकही नाही. फोटोत काही दिसलं नाही याचा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच. मेंदूच्या डॉक्टरांना मी पुन्हा एकदा दाखवून घेईन, रक्त तपासेन. पण औषध देऊन बरं करण्याचं काम माझं, मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. तुम्ही सगळीकडे चांगल्याच माणसांकडे गेलात, फक्त कामाच्या माणसाकडे गेला नाहीत." विभूती बंद करायची का, असं आईने भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, "लावा की रोज. गोळी तेवढी चुकवू नका. आणि तो विळा आजच्या आज घराबाहेर काढा."

दादाला त्यांनी एक गोष्ट बजावली. "हा फोन मी तपासणीपुरता लावायला सांगितला. तुम्ही तो औषध म्हणून वापरू नका. फोनवर नवरा आणि घरात परका, असे दोन ठिकाणी राहायला लागलात तर मला तुम्हाला शोधत यावं लागेल." दादाने मान हलवली.

वहिनींना काही दिवस भरती करावं लागलं. लातूरला आमचं कुणी नव्हतं. बाईंनी आईला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आईला उडदाचं घुटं आणि ज्वारीची कडक भाकरी लागते हे कळल्यावर बाई स्वतः भाकरी थापायला बसल्या, आणि त्या भाकरीला आमच्या आईने नावं ठेवली. दोघींची मैत्री तिथे जुळली ती आजतागायत आहे.

याच सुमारास बाईंच्या खोलीत एका कडेला बसून मी त्यांचं खरं काम पाहिलं. आपल्याकडे सगळ्यांना एकच नाव, डोक्याचा डॉक्टर. बाई मात्र माणूस ऐकून घेत आणि ठरवत की याला औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ हवा, की तपासण्या करून, बोलून-वागवून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, की संसाराच्या अडलेल्या वळणावर सोबत करणारा समुपदेशक, की मेंदूचा डॉक्टर. एक प्राचार्य मुलाला घेऊन आले. मुलगा कितीतरी दिवसांपासून भिंतीशी बोलत होता. प्राचार्यांचा आग्रह, "फक्त समुपदेशन द्या, गोळ्या नकोत, लोक काय म्हणतील." बाई म्हणाल्या, "सर, पाय मोडला तर तुम्ही त्याला धीर द्याल की प्लास्टर घालाल?" दुसऱ्या दिवशी प्राचार्य निमूटपणे औषध न्यायला आले. उलटं उदाहरण किल्लारीकडच्या एका आजींचं. भूकंपापासून त्या कधी छताखाली झोपल्या नव्हत्या. थंडी असो, पाऊस असो, अंगणातच. जमीन रोज पहाटे आपलं नाव घेते, असं त्या म्हणायच्या. सुनेला वाटे, यांना शॉक द्यावेत. बाईंनी आजींशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि सुनेला सांगितलं, "यांना कुठल्याच डॉक्टरची गरज नाही. अंगणात पत्र्याचं छप्पर न घालता चांगली गादी घालून द्या, वर ताडपत्री बांधा. जमिनीने नाव घेतलं तर त्या ओ देतील, तुम्ही कशाला घाबरता?" सून गेल्यावर मी विचारलं, खरंच काही नाही? बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "ज्यांच्या घरातली माणसं जमिनीत गेली, त्यांना जमिनीने हाक मारू नये असं सांगणारी मी कोण?" हे त्या इतक्या साध्या सुरात बोलल्या की मला तिथे बसवेना.

औषध लागू पडलं. वहिनी धर्माबादला घरी परतल्या, हळूहळू सावरल्या. एके दिवशी त्यांनी आईला विचारलं, "मालक जेवायला कामून येईनात?" आईने आनंदाने मला फोन केला. मी नांदेडहून निघालो, स्टेशनवरून थेट मोंढ्यात गेलो. घरात वहिनींना परक्याचा त्रास नको म्हणून दादा तोवर दुकानातच राहत होता. मिरचीच्या पोत्यांमागे सतरंजी, तांब्या, आरसा. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मिरचीच्या खकाण्याने मला ठसका लागला, पण दादाला त्याचं काहीच नव्हतं. "चल, वहिनी ओळखतात आता," मी म्हणालो. तो आला.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या. "आलाव? हातपाय धुवा, वाढते." इतक्या सहज म्हणाल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवून मागच्या अंगणात गेला. लगेच स्वयंपाकघरात वहिनींचा फोन वाजला. त्यांनी उचलला. अंगणातून दादाचा आवाज आला, हलका, गोड, मी कधी न ऐकलेला.

"मी बोलतोय. तो आला का घरात?"

फोन कानाला तसाच धरून वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने आम्ही त्यांना घाबरत होतो. आता त्या घाबरल्या होत्या.

दादाने बाईंचं ऐकलं नव्हतं. रोज दुकानातून तो फोन करत होता. मी आणि आई त्याला लातूरला घेऊन गेलो. बाईंसमोर तो खाली मान घालून बोलला. "तिला आता मी दिसतो, हे खरंय. पन बाई, इतके दिस ती ज्याच्याशी बोलली त्यो कोन? त्याच्याशी ती जेवढं मायेनं बोलली, तेवढं माज्याशी जन्मात बोलली न्हाई. मी घरात जाऊन बसलो की त्यो मरतो. अन् आरशात बघितलं तर..." तो थांबला. "दिसतं बरोब्बर."

वहिनींचेच शब्द त्याच्या तोंडून आले होते.

आम्हाला वाटलं, बाई आता यालाही गोळ्या देतील. त्यांनी दादाशी पुष्कळ बोलून, तपासून पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनींचा सांधा आपोआप निखळला होता, तो औषधाने बसला. यांचा तसा नाही. परका म्हणून जगता जगता यांना त्याची सवय लागली आहे. झोपेसाठी मी थोडं काही देईन, पण हे काम माझं नाही. नांदेडच्या शाहीन मॅडमकडे न्या. त्या मानसशास्त्रज्ञ आहेत." आईला हे रुचलं नाही. मोठ्या डॉक्टरकडून लहान माणसाकडे धाडतात म्हणजे काहीतरी हाताबाहेर गेलंय, असं तिला वाटलं. बाई तिला म्हणाल्या, "अहो, म्हैस अडली तर तुम्ही सुईणीला बोलावता का? नाही ना? ते सुईण कमी म्हणून नव्हे, काम वेगळं म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिवकुमार, तुम्ही सोबत जा. बसू देतील तितकं बसा. तुम्हाला ऐकता येतं." माझं पुढचं शिक्षण आणि हा व्यवसाय त्या वाक्यातून सुरू झाला. असे आम्ही बरेचजण आहोत. बाईंनी माणसं अशी बोलता बोलता कामाला लावली आहेत.

शाहीन मॅडमची खोली नांदेडच्या जुन्या वस्तीत, घरच्यांच्या अत्तराच्या दुकानावर. त्यांनी दादाला फोन बंद कर असं सांगितलंच नाही. बाईंशी बोलून, वहिनींना विचारून त्यांनी वेगळीच रीत धरली. फोन करायचा, पण दर वेळी थोडं जवळून. आधी दुकानातून. मग गल्लीच्या तोंडावरून. मग अंगणातून, ओसरीवरून. छातीत धडधड झाली तरी पळायचं नाही, ती बसेपर्यंत बोलत राहायचं. दादा ओसरीवर अडला. कितीतरी दिवस तो पुढे सरकेना. एकदा तर त्याने साफ सांगितलं, मी दुकानातच राहतो, तुम्ही समजा की मी अडकून पडलोय. वहिनी त्यावर रागावल्या, रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन घेऊन बसल्या. त्या बाईमाणसाचा धीर मी पाहिला आहे.

मग एका रविवारी दुपारी दादा स्वयंपाकघरात आला. मी नि आई ओसरीवर होतो. वहिनी चुलीपाशी उभ्या, दादा समोर, मध्ये परात. दोघांच्या कानाला फोन.

"काय करून राहिले?" वहिनींनी विचारलं.

"उभा हाय."

"कुटं?"

"तुज्यासमोर." आवाज एकदा तोंडातून आला आणि किंचित मागून वहिनींच्या फोनमधून, दोन माणसं बोलल्यासारखा.

वहिनींनी आपला फोन कानावरून काढला आणि परातीशेजारी ठेवला. दादा आपल्या फोनमध्ये बोलत राहिला. "जेवलीस का?"

"न्हाई," वहिनी समोरून म्हणाल्या.

"कामून?"

"तुमी कुटं जेवलाव?"

"माज्यावर रागावलीस?"

"लई," वहिनी म्हणाल्या. "तिकडं इतकं गोड बोलत होता, तर इथं का न्हाई बोललात कदी?"

दादाचा हात हळूहळू खाली आला. फोन चालूच होता. त्याने तो बंद केला, आणि त्याच्या तोंडून जो हुंदका आला तो एकाच ठिकाणाहून आला.

मी धावत बाहेर जाऊन बाईंना फोनवर कळवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शाबासकी वगैरे काही दिली नाही. विचारलं एवढंच, "आणि वहिनींना झोप लागते?"

बाईंविषयी आणखी कितीतरी लिहिता येईल. त्यांचं रागावणं, त्यांची ती कुणाच्या घशाखाली न उतरणारी भाकरी, कुणी पाया पडायला वाकलं की पाय साडीत ओढून घेण्याची सवय. आपल्याला जे येत नाही ते "येत नाही" म्हणून सांगणारा जाणता माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते ऐकून आमची दोन माणसं वाचली.

दादा-वहिनी आता एकत्र आहेत. वहिनींचं औषध बाईंच्या सल्ल्याने चालू आहे. रोज संध्याकाळी दादा मोंढ्यातून घरी येतो. वहिनी दार उघडतात, आणि काही बोलायच्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. दादा उंबऱ्याबाहेरच थांबतो. त्यालाही कुणी सांगितलेलं नाही, त्यांनाही नाही, पण इतक्या वर्षांत एकदाही हे चुकलेलं नाही. मी असलो तर मीही जागच्या जागी थांबतो. मग वहिनी म्हणतात, "या." आणि घर पुन्हा चालू होतं.

बाई, तुम्हाला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. तुमचे डोळे, तुमचे कान आणि तुमचा करडा स्वर असेच शाबूत राहोत. आणि रोज घरी परतल्यावर जो कुणी दार उघडेल, त्याने तुम्हाला पाहताक्षणी ओळखावं, आणि तुम्ही त्याला. आमच्या घरी याहून मोठा आशीर्वाद कुणाला ठाऊक नाही.